तुम्ही विचारलंत म्हणून : ओट्यासाठी आर्किटेक्ट कशाला?

फ्लॅटमधल्या एवढ्याशा स्वयंपाकघरासाठी अमरावतीहून आर्किटेक्ट बोलावण्याची काय गरज होती, हा प्रश्न मला वरूडमध्ये लग्नघरी, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि भाजीबाजारातही विचारला गेला आहे, म्हणून आता एकदाच सविस्तर उत्तर देते. पैसा उतू चालला होता म्हणून नव्हे. शोभेसाठी तर मुळीच नव्हे. फोटो काढून कुणाला पाठवावा असे त्या स्वयंपाकघरात आजही काही नाही.

मॉड्युलर किचनवाले नकाशा फुकट काढून देतात, असे बहुतेक जण ऐकवतात. देतात, हे खरे. पण भिंतीच्या आत काय आहे ते त्या नकाशात नसते, आणि नकाशाची किंमत कपाटांच्या शटरच्या, म्हणजे दारांच्या, भावात आधीच धरलेली असते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येते, आणि मला तशीच व्यक्ती हवी होती, जिला ग्रॅनाइट किंवा शटर विकायचे नाही. आमच्या मॅडमनी आधी माझे कोपर जमिनीपासून किती उंचीवर येते ते मोजले आणि ओटा ३४ ऐवजी ३१ इंचांवर घेतला. सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला त्यांनी तळाशी झरोके ठेवायला लावले, कारण गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खालीच साचतो. ‘उंदरांची सोय केली वाटते,’ असे म्हणणाऱ्यांना मी हे कारण सांगून थकले आहे.

नणंदेने पुसदला असाच आर्किटेक्ट लावला तेव्हा त्याला शहरी चोचले म्हणणारी मीच होते, आणि ते मत मी आजही पुरते सोडलेले नाही. मॅडमची फी ग्रॅनाइटच्या बिलाच्या जवळ गेली. शिवाय त्यांच्या नकाशात उन्हाळा नव्हता. कुरड्यांचा चीक शिजवायचा मोठा गंज, म्हणजे पातेले, त्या देखण्या चार बर्नरच्या शेगडीवर बसत नाही, त्यामुळे वैशाखात मी जुनी शेगडी गॅलरीत मांडते. चीक किती लागतो, हे त्यांनी विचारले नाही आणि विचारण्यासारखे आहे हे मलाही सुचले नाही.

मात्र ज्या गोष्टीवरून मला खरे बोल लावले जातात, ती वेगळी आहे. काम करायला मी माहेरच्या गावचे मिस्त्री बोलावले होते. माझ्या वडिलांचे घर त्यांनी बांधले, माझ्या लग्नात मांडव पडेपर्यंत ते राबले. एका दुपारी शाळेतून आले तेव्हा कोपऱ्यातल्या कॉलममध्ये, म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या खांबात, नळाचा पाइप आत दडवण्यासाठी, छिन्नीने उभी खाच मारलेली होती आणि आतली सळई उघडी पडली होती. नकाशात त्याच जागी लाल अक्षरांत ‘कॉलमला छिन्नी लावू नये’ असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा मिस्त्री हसून म्हणाले, “ताई, काऊन घाबरता? दोन इंच खोदलं तं बिल्डिंग पडते का?” मी गप्प राहिले. ज्यांच्या हातच्या घरात मी वाढले त्यांना थांबा म्हणण्याची माझी जीभ उचलली नाही. मी फक्त फोटो काढून मॅडमना पाठवला. काम बंद ठेवा, वर प्लास्टर करू नका, असा त्यांचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन आल्या.

सळई कापली गेली नव्हती. सुटलेले काँक्रीट काढून, सळईला गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने खाच भरली गेली आणि पाइप भिंतीबाहेरून गेला, तो अजूनही दिसतो. पण त्याआधी मॅडमनी, खालच्या मजल्यावरची मंडळी दारात उभी असताना, मिस्त्रींना समजावून सांगितले की कॉलमच्या सळईवर निदान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आवरण असावे लागते, ते गेले की सळई गंजते, फुगते आणि कॉलम आतून फुटू लागतो. त्यांचा आवाज चढला नव्हता. मिस्त्रींनी सगळे ऐकले, थापी, रंधा आणि ओळंबा पिशवीत भरला आणि उरलेली मजुरी न घेता ते निघून गेले. ती मी भावाच्या हाती पाठवली, तीही परत आली.

मी त्यांना घालवले, असे माहेरी म्हणतात. मिस्त्री अडाणी होते असे मी कधीच म्हटलेले नाही. वडिलांच्या घराच्या दीड फुटी भिंतीच छत पेलतात, आणि तिथे नळासाठी मारलेली खाच त्या जाडीत जिरून जाते. फ्लॅटमध्ये भिंत नुसता आडोसा असते आणि वरच्या मजल्यांचा सगळा भार त्या बारीक कॉलमवर असतो. त्यांचे ज्ञान खरे होते, इमारत दुसरी होती. हे चारचौघांत न सांगता जिन्यात बाजूला घेऊन सांगता आले असते का, हा प्रश्न मी मॅडमना विचारला नाही. आणि तसे सांगितले असते तर मिस्त्रींनी ते ऐकले असते का, हेही मला ठरवता येत नाही. ‘नाही’ म्हणायला मी पैसे देऊन माणूस आणला होता, आणि त्या माणसाने ते म्हटले.

आता बाथरूम गळते आहे. नकाशा मॅडमचा आणि हात मिस्त्रींचा असावा असे मला वाटते, आणि ते दोघे पुन्हा एका छताखाली उभे राहणार नाहीत हे मला माहीत आहे. मी अजून कुणालाच फोन केलेला नाही. खालच्या मजल्यावरचे काका मात्र काम कधी लावता म्हणून विचारू लागले आहेत.