बॅलार्ड इस्टेटमधला पंखा

ज्या प्रसंगाबद्दल लिहितो आहे, तो पडद्यावर जेमतेम तीन मिनिटांचा आहे. एक उपसचिव फाइल मांडीवर घेऊन मंत्र्यांच्या दालनाबाहेर बसला आहे, आतून अस्पष्ट बोलणे ऐकू येते आणि दार उघडत नाही. मी या राजकीय थरारपटाचा ध्वनिमुद्रक होतो. संवादच नाहीत तर इथे तुमचे काय काम, असे निर्मात्याच्या माणसाने मला चहा घेताना खरोखरच विचारले होते.

चित्रीकरण मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या कचेरीत होते. खरे मंत्रालय मिळणे कठीण, आणि मिळाले तरी आमच्या उपयोगाचे नाही, कारण जून 2012 च्या आगीनंतर त्याचे वरचे मजले नव्याने सजवले गेले आणि आता तिथला झगमगाट पडद्यावर खोटा वाटतो. गोदीच्या खोदकामातून निघालेल्या भरावावर 1914 ते 1918 च्या सुमारास, वास्तुकार जॉर्ज विटेटच्या आराखड्यानुसार उभ्या राहिलेल्या या वसाहतीत मात्र सत्तेचा जुना दरारा टिकून आहे. आम्हाला मिळालेल्या इमारतीचे छत इतके उंच होते की माणूस पुढे गेला तरी त्याच्या पावलाचा आवाज मागे रेंगाळत असे. आठवड्याच्या कामकाजात तिथे हॉर्नमुळे काही ध्वनिमुद्रित करणे अशक्य, म्हणून रविवार निवडला होता.

सेटवर पोहोचल्यावर ध्वनिमुद्रकाचे पहिले काम म्हणजे एसी, फ्रिज, पाण्याचा पंप असे जे जे वाजते ते बंद करत फिरणे. इथे छताचा पंखा चौकटीत दिसणार असल्याने चालूच ठेवायचा होता आणि तो दर फेऱ्याला ‘कट्’ असा वाजत होता. कलाविभागातला मुलगा तेलाची बाटली घेऊन आला, तेव्हा मी त्याला शिडीवर चढू दिले नाही. दारामागचे बोलणेही मी तिथेच मुद्रित करायचे ठरवले. स्टुडिओत तयार केलेला दबका आवाज मला लगेच ओळखू येतो, कारण त्यात सगळे शब्द सारखेच पुसट होतात. खरे लाकडी दार आवाजाची धार खाते, पण खालच्या फटीतून एखादे अक्षर स्वच्छ निसटते. म्हणून दोन नटांना आत बसवून खरोखर वाद घालायला लावला.

टेक अर्ध्यावर असताना इमारतीची वीज गेली. आमचे दिवे जनरेटर व्हॅनवर असल्याने कॅमेऱ्यापुढचा उजेड तसाच राहिला, पंख्याचे ‘कट्’ मात्र लांब लांब अंतराने येऊ लागले. बाकावरच्या नटाने नजर वर केली. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला नाही. आतल्या दोघांच्या डोक्यावरची ट्यूबलाइट विझल्याने तेही वाक्य अर्धवट टाकून गप्प झाले होते, आणि बाहेर याचा अर्थ असा झाला की आपण ऐकतो आहोत हे आतल्यांना कळले. नटाने फक्त फाइलची नाडी घट्ट केली. हेडफोनमध्ये भिंतीतल्या पाइपातून उतरणारे पाणी आणि त्याचा श्वास, एवढेच उरले.

तो टेक चित्रपटात आहे, पण त्या शांततेखाली मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याच्या वेळी संगीताचा एक खर्ज सूर सरकवला गेला. प्रेक्षकांना आवाज गेला असे वाटेल आणि ओटीटीच्या तांत्रिक तपासणीतही तसाच शेरा येईल, असे कारण मला सांगण्यात आले. दुसऱ्या कारणात काहीच दम नाही, कारण पाइपाचे पाणी हासुद्धा आवाजच असतो. आपल्याकडे पार्श्वसंगीत घाबरलेल्या निर्मात्यांच्या हुकमावर चालते, हे माझे जुने मत आहे.

पहिल्या कारणाला मात्र माझ्याजवळ चोख उत्तर नाही. दिग्दर्शकाने दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या लोकांना दाखवल्या. संगीत नसताना लोक चुळबुळ करू लागले आणि दोघांनी मोबाइल काढले, संगीत असताना कोणी हलले नाही. एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, असे मी त्याला सुनावले. पण वीज गेल्याचे मला माहीत होते, पंखा थांबताना मी अंदाज घेत होतो. ज्याला यातले काहीच ठाऊक नाही, त्यालाही त्या थांबण्यात धोका ऐकू येतो का, हे मी आता माझ्या कानांनी ठरवू शकत नाही. त्याच दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटासाठी होकार देताना मिक्सिंगला बसू देण्याची अट मी घातली आहे. निर्मात्याने तिच्यावर अजून सही केलेली नाही.