आईच्या यादीतली खारीक

शुक्रवार, ४ जुलै

उन्हाळा चढला की मस्कतच्या आमच्या घरातले नळ उलटे होतात. गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते, त्यामुळे निळ्या खुणेचा नळ सोडला की हात पोळतो. म्हणून मे महिन्यातच गीझरचं बटण बंद करून टाकायचं. गीझर घरात, एसीच्या गारव्याला. त्यात रात्रभर राहिलेलं पाणी बऱ्यापैकी निवतं. मग चार महिने गार पाणी लाल खुणेच्या नळाला आणि गरम पाणी निळ्या. दोन वर्षांपूर्वी सासूबाई आल्या होत्या, त्यांना हे सांगायचं राहून गेलं. पहिल्याच सकाळी न्हाणीघरातून ओरडल्या, "अगं, तुमच्या इथले नळसुद्धा अरबीसारखे उजवीकडून सुरू होतात की काय?"

आज सुट्टी. सातच्या आत मत्रहच्या मासळी बाजारात पोचले. इथलं आठवड्यातलं हे माझं देवदर्शन. २०१७ साली नवीन इमारत झाली तेव्हापासून सगळं चकचकीत आहे, पण बाहेर पडलं की समोर बंदर आणि पाठीशी काळे डोंगर, ते जुनंच. सुरमई घेतली. इथे तिला कनअद म्हणतात. मासे विकणारे वेगळे, कापून देणारे वेगळे. कापणाऱ्याकडे आपली पिशवी द्यायची, तो हातानेच जाडी विचारतो. मी अंगठा दाखवते. नखाएवढी हवी, तव्यावर लवकर होते. मग तो मान हलवतो आणि बोटभर जाडच कापतो. नऊ वर्षांत आमचं एकमत झालेलं नाही.

दुपारी आईला फोटो पाठवला. गल्फमधल्या माझ्या कुठल्याच गोष्टीचं तिला कौतुक नाही, ना मॉलचं ना रस्त्यांचं. पण चिपळूणला पावसाळी बंदी चालू असताना लेक सुरमई तळतेय म्हटल्यावर तिचा आवाज जरा खाली येतो. "खा गो बाई, खा." पुढच्या महिन्यात आपलीच पाळी. पंधरा ऑगस्टपासून दोन महिने इथे सुरमईला बंदी असते, तेव्हा ती मला फोटो पाठवेल.

रविवार, ६ जुलै

आषाढी. पण इथे रविवार म्हणजे सोमवार. आठवडा आजच सुरू होतो. उपास धरून ऑफिसला गेले. साबुदाण्याची खिचडी डब्यात होती. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी ओमानी मैत्रीण बिदियाची आहे. तिनं विचारलं, "आज काय?" मी म्हटलं, उपास. ती डब्याकडे बघत राहिली. मग थर्मासमधल्या चहाकडे. रमजानात पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेणाऱ्या बाईला आमचा उपास समजावणं सोपं नाही. "म्हणजे हा बटाटा चालतो, पण तो भात नाही?" "हो." "दाणे चालतात?" "चालतात." "आणि तूप?" मी गप्प बसले. तिनं खणातून खजुराचा डबा काढला. "हे तरी चालतं ना?" चालतं. अगदी शास्त्रोक्त चालतं.

तेवढ्यात आठवलं. काल आईनं यादी सांगितलीय. ऑगस्टमध्ये घरी जायचंय, ताईचे दिवस भरत आलेत, तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायचेत. दर वेळी यादीत टँग, दुधाची पावडर आणि बाबांचा पिवळा बाम असतो, या वेळी एक नवीन. "खजूर नको हो. तो चिकट असतो. खारीक मिळते का बघ. तिकडे खजुराच्या बागाच आहेत म्हणतेस, तर चांगली मिळेल."

मिळेल असं मलाही वाटलं होतं. काल संध्याकाळी लुलू सुपरमार्केटमध्ये बघितलं. खलास, फर्द, खुनैझी, बदाम भरलेले, तीळ लावलेले, नुसत्या खजुराची एक भिंतच होती. खारीक नाही. मग मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात गेले. तिथला एक म्हातारा दुकानदार माझ्यापेक्षा बरं हिंदी बोलतो. गल्लीतल्या बऱ्याच जणांचं हिंदी असंच आहे, त्यात नवल नाही. १९७० पर्यंत या देशात रुपया चालायचा. आखाती देशांसाठी रिझर्व्ह बँकेनं १९५९ साली काढलेला, वेगळ्या रंगाचा. रियाल नंतर आला, पण त्याची चिल्लर अजून बैसा म्हणूनच मोजतात. हजार बैशांचा एक रियाल. बैसा म्हणजे आपला पैसाच; अरबीत प नाही, म्हणून ब. तर म्हाताऱ्याला वाळलेल्या कडक खजुराचं वर्णन करून सांगितलं. तो हसला. "वो हम नहीं खाते. वो तो आप लोग खाते हो."

हे मैत्रिणीला सांगितलं, तर तीही हसली. म्हणाली, शुक्रवारी माझ्या गावाला चल.

मंगळवार, ८ जुलै

ऑफिसच्या मागे इमारतीचं काम चाललंय. जून ते ऑगस्ट साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते. साडेबाराला ठोकाठोकी थांबते आणि ती माणसं पुठ्ठे अंथरून भिंतीच्या सावलीला आडवी होतात. सावली सरकते तसे पुठ्ठेही सरकतात. मी वरून बघते तेव्हा माझ्या खांद्यावर शाल असते, कारण आमच्या मजल्यावरचा एसी कुणालाच कमी करता येत नाही. यावर काय लिहू?

सुटताना दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. पाच-दहा सेकंद आंधळं उभं राहायचं. समुद्राकडून वारा असला की मस्कतची हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.

घरी जाताना करक. हे माझं एकटीचं आहे, नवऱ्यालाही वाटा नाही. रस्त्याकडेच्या केरळी चहावाल्यासमोर गाडी लावायची, एकदाच हॉर्न द्यायचा. मुलगा काचेपाशी येतो, आता विचारतही नाही. करक म्हणजे आपला कडकच. हिंदुस्थानातून इकडे येताना मधल्या ड चा तेवढा र झाला. वेलची घातलेला, दुधाळ, कागदी पेल्यात. बरोबर कधीकधी पराठा: आत पसरायचं चीज, तिखट सॉस आणि चुरलेले 'चिप्स ओमान' नावाचे वेफर. खाताना कुरकुर आवाज येतो. आई बघेल तर म्हणेल, पोळीत कुणी वेफर घालतं का? घालतात. आणि छान लागतं. पंधरा मिनिटं गाडीत बसून राहते. ऑफिस संपलेलं, घर सुरू झालेलं नाही. ही गाडी चालवायचा परवाना मला तिसऱ्या खेपेला मिळाला. इथे आधी ड्रमची परीक्षा असते, उभ्या केलेल्या पिंपांमधून गाडी मागे घ्यायची. पहिल्या वेळी मी एक पिंप पाडलं, दुसऱ्या वेळी दोन. त्यामुळे इथे गाडी लावून निवांत चहा पिणं हा मी कमावलेला हक्क आहे.

व्हॉट्सॲपवर निम्मं ऑफिस सलालाचे फोटो टाकतंय. हजार किलोमीटर गाडी चालवून लोक तिकडे धुकं आणि रिमझिम बघायला जातात. हिरव्या उतारावर चादर टाकून मुद्दाम भिजत बसतात. मला, चिपळूणच्या मुलीला, पहिल्या वर्षी हसू आवरेना. त्या मोसमाला खरीफ म्हणतात. आपला खरीप तो हाच शब्द. चौथ्या वर्षी मीही गेले, आणि पहिला थेंब काचेवर पडला तेव्हा वायपर लावायचं विसरले.

शनिवार, १२ जुलै

काल बिदियाला गेले. रात्री उशीर झाला, म्हणून आज लिहितेय.

मस्कतहून दोन-अडीच तास. डोंगर मागे पडतात आणि एकाएकी डाव्या-उजव्या हाताला खजुराच्या बागा, त्यांच्या पलीकडे लाल वाळूच्या टेकड्या. त्या टेकड्या अगदी गावाच्या परसात आल्यासारख्या दिसतात. हवा कोरडी. चष्म्यावर धुकं नाही, पण ओठ फुटतात.

आम्ही बायका आतल्या खोलीत गालिच्यावर. आधी खजूर, मग कहवा, बिनकानाच्या एवढ्याशा कपात. पुरे झाला की कप हातातल्या हातात हलवायचा, हे मला नऊ वर्षं माहीत आहे. तरी गप्पांत विसरले आणि सहा कप प्याले. मैत्रिणीची आजी ओतत होती. नाकावर चोचीसारखा पुढे आलेला बुरखा, तिकडच्या म्हाताऱ्या बायकांचा असतो तसा. त्यातून फक्त डोळे आणि हनुवटी. डोळ्यांवरून कळत होतं की सातवाही ओतायची तिची तयारी आहे.

मग बागेच्या टोकाला नेलं. लांबूनच धूर दिसला आणि वास आला. उसाच्या गुऱ्हाळाची आठवण व्हावी, पण जरा तुरट. दगडमातीच्या भट्टीवर तांब्याची प्रचंड कढई, तिला मिरजल म्हणतात. खाली खजुराच्याच वाळक्या झावळ्या जळत होत्या. मब्सली नावाची जात असते. तिची फळं पिकायच्या आधीच, पिवळीधमक आणि करकरीत असताना उतरवतात, घडातून सुटी करतात आणि उकळत्या पाण्यात सोडतात. पंधरा-वीस मिनिटं. झालं की नाही हे घड्याळावर नसतं. मैत्रिणीच्या काकांनी झाऱ्यानं एक वर काढलं, दोन बोटांत दाबून फोडलं, आत बघितलं आणि मान डोलावली. लगेच दोघांनी जाळीच्या टोपल्यांनी उपसायला सुरुवात केली. बाजूच्या सपाट जागेवर कालचे, परवाचे पसरलेले. आजचे पिवळे, कालचे जरा मळकट, आणि पार कडेला सुरकुतलेले, तांबूस-तपकिरी, टणक.

मी खाली वाकून कडेचं एक उचललं. खारीक!

ती मी किती वेळा हातात घेतलीय! ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम आणि खारीक. लग्नात पानाच्या विड्याशेजारी खारीक. लहानपणी गुरुजींची पाठ फिरली की ताटातली पळवायची, आणि मग ती तासभर गालात ठेवायची, कारण चावली जात नाही. कुठून येते हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. वाण्याकडून येते, आणखी कुठून? काकांना विचारलं, हे सगळं जातं कुठे? त्यांनी भट्टीकडून हात उचलून वाळूच्या टेकड्यांच्या पलीकडे, समुद्र असेल त्या दिशेला केला. "अल्-हिंद." पूर्वी गलबतांतून जायचा, आता कंटेनरमधून. त्यांच्या आजोबांच्या वेळीही इथूनच जायचा म्हणे.

आजीला कुतूहल होतं. तुम्ही याचं करता काय? मैत्रीण दुभाषी. ओटी समजावताना मी ओढणीचा पदर पसरून दाखवला, त्यात पाच खारका टाकल्या. लग्न, बाळंतपण, देव, सगळं सांगितलं. बाळंतिणीचे लाडूही. आजीनं लक्ष देऊन ऐकलं. मग काहीतरी बोलली आणि घरातल्या सगळ्या बायका हसल्या. मैत्रिणीनं भाषांतर केलं: "ती म्हणते, महिनाभर थांबलं तर हेच फळ झाडावर मऊ आणि गोड होतं. एवढी मोठी हिंद, तिथे कुणालाच कसं थांबवत नाही?"

उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

निघण्याआधी फलजमध्ये पाय सोडून बसलो. बागेतून जाणारा तो हातभर रुंदीचा पाट, कुणाची पाळी किती वेळ ते ठरलेलं. पाणी गार होतं. निळ्या नळाचं असतं तसं नाही, खरोखरचं गार. मैत्रिणीची भाची माझ्या पायाच्या बोटांतल्या जोडव्यांकडे टक लावून बघत होती. एक काढून दिलं तर तिनं ते अंगठ्यात घातलं आणि परत द्यायला तयार होईना. शेवटी खजुरावर तडजोड झाली.

येताना काकांनी पिशवी भरून दिली. पैसे घेईनात. पाच किलो तरी असेल.

मंगळवार, १५ जुलै

आईला आज व्हिडिओ कॉल केला. आमच्याकडे साडेसात म्हणजे तिच्याकडे नऊ, जेवणं उरकून ती ओट्यापाशी होती. मी मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. भट्टी, तांब्याची कढई, आजीचा बुरखा, गलबतं. म्हटलं, आई, माझ्या लग्नात तू ओटीत घातलीस ना, ती खारीकसुद्धा बहुतेक याच गावची असेल. मागे पावसाचा आवाज एवढा होता की दोनदा सांगावं लागलं. मग पिशवी कॅमेऱ्यासमोर धरली, एक खारीक बोटांत धरून जवळ नेली.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.

"ही तर आपल्या वाण्याकडे मिळते तश्शीच आहे गो."

"अगं, तेच तर सांगतेय मघापासून!"

"हं." तिनं पुन्हा निरखलं. "बी काढलेली नाहीये वाटतं. मग जरा जास्तीची आण, फोडताना वाया जाते."