तुम्ही विचारलंत म्हणून: पोस्टकडे कुणी फिरकलं नाही, तर वाईट वाटत नाही?

"एवढं मनापासून लिहिता आणि खाली चार लाइक. वाईट नाही वाटत?" हे मला बरेच जण विचारतात. विचारणाऱ्याच्या सुरावरूनच कळतं, दुखणं त्याचंही आहे.

वाटतं. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने 'सायबरबॉल' नावाचा खेळ तयार केला. पडद्यावर तिघं एकमेकांकडे चेंडू टाकतात आणि थोड्या वेळाने बाकीचे दोघे तुमच्याकडे टाकणं थांबवतात. एवढंच. हार-जीत नाही, समोरचे अनोळखी, तरी माणसं काही मिनिटांत खट्टू होतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर काही जणांना आधीच सांगितलं होतं, की समोर संगणक आहे. त्यांनाही वाईट वाटलंच! मला यातून फार धीर मिळाला. म्हणून "मनावर घेऊ नकोस" असं मी कुणाला सांगत नाही. मनावर येतंच.

मी एवढंच पाहते, की नक्की झालंय काय. फेसबुकवरची आपली पोस्ट सगळ्या मित्रांपुढे जातच नाही. कुणाला काय दाखवायचं ते तिथली यंत्रणा ठरवते. २०१६ पासून इन्स्टाग्रामवरही तसंच. ज्याच्यापर्यंत पोस्ट पोचलीच नाही, त्याने आपल्याला डावललं असं का धरून चालायचं? व्हॉट्सॲपची निळी खूण तर मी बंदच केली आहे. ती बंद केली की दुसऱ्याचीही आपल्याला दिसत नाही, आणि मला तेच हवं होतं.

ग्रुपमध्ये मात्र ती बंद होत नाही. घरच्या ग्रुपवर पुतण्याच्या निकालावर अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि आपल्या बातमीखाली काहीच येत नाही, तेव्हा खरंच लागतं, कारण ती आपली माणसं असतात. अशा वेळी मी सरळ फोन करते. तक्रार करायला नाही, बातमी सांगायला. "अगं, मी वाचलं होतं, रात्री लिहीन म्हटलं आणि राहूनच गेलं," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय, की आता पुष्कळदा त्या शांततेचा अर्थ लावतच नाही.

पण एका जुन्या मैत्रिणीने मला खरंच यादीतून काढलं. का, ते कळलं नाही. मी एकदा विचारलं, उत्तर आलं नाही, पुन्हा विचारलं नाही. हे दुःख मैत्री तुटल्याचं आहे, ॲप काढून ते जात नाही. त्याबद्दल मी बहिणीशी बोलते, कधी रडतेही.

आणि हल्ली कुणाचं लिहिलेलं आवडलं, की नुसता अंगठा न देता दोन ओळी लिहिते. ज्याच्या पोस्टखाली अजून कुणीच लिहिलेलं नसतं, त्याला आधी.