एका वाटीचा भागाकार

आमच्या घरात जेवणानंतर गोड लागणारी आता मी एकटीच उरले आहे. मुलगी बंगळूरला. ह्यांच्या लेखी गोड म्हणजे शिरा नाहीतर श्रीखंड. भाजलेलं फळ म्हटलं की ‘कोण आजारी आहे?’ असा चेहरा करतात. केक केला की तो चार दिवस फ्रिजमध्ये बसतो आणि येता-जाता सुरी फिरवून मीच संपवते. गेल्या वर्षी रक्ताचे रिपोर्ट बघितले आणि ठरवलं, गोड बंद करणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, पण करायचं ते एका वाटीपुरतं. त्याच रात्री संपेल एवढंच.

पदार्थ निवडला ॲपल क्रंबल. खाली सफरचंदाच्या फोडी, वर पीठ, साखर आणि लोणी चोळून केलेला भुगा, आणि ओव्हनमध्ये भाजायचं. इंग्लंडमधल्या घराघरांतला हा पदार्थ. तिथे जानेवारी १९४० मध्ये लोणी आणि साखर रेशनवर गेली, ‘पाय’ म्हणजे पारीत फळ भरून भाजलेला पदार्थ, त्याची अख्खी पारी लाटायची चैन परवडेना, म्हणून वर नुसता भुगा पसरायची पद्धत रुळली असं सांगतात. टंचाईतला पदार्थ म्हटल्यावर मला तो लगेच आपलासा वाटला.

कृती मिळाली ती सहा जणांची. मी वही घेतली आणि सगळ्याला सहाने भागलं. एक सफरचंद, त्याला साजेसा भुगा, स्टीलची वाटी, १८० अंश, चाळीस मिनिटं. मापं भागली, मिनिटं तशीच ठेवली. निघालं ते वरून कोळसा आणि खालून आंबोशीसारखं चामट. दुसऱ्या दिवशी वेळ निम्म्यावर आणली. वरचा भुगा छान बदामी, खाली फोडी कच्च्याच. चावताना कराकरा आवाज येत होता. ह्यांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, “काकडी खातेस का?”

मग कुठे डोक्यात प्रकाश पडला. सहा जणांच्या मोठ्या भांड्यात सगळंच सावकाश तापतं; वरचा भुगा आणि खालचं फळ साधारण बरोबरीने शिजतात. एका वाटीत तशी बरोबरी राहत नाही. कडेच्या फोडी झटकन सुकतात, मधल्या मागे राहतात, आणि वरची कॉइल वाटीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लालभडक असते. आमचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, १९ लिटरचा, म्हणजे अंतर तरी कुठून आणायचं? त्यातून क्रॉफर्ड मार्केटमधून ओव्हनचा थर्मामीटर आणून आत टांगला, तर बटण १८० वर आणि काटा २०५ वर. सहा वर्षं मी त्या बटणावर विश्वास ठेवून नानकटाई करपवत होते आणि दोष तुपाला देत होते.

यावर उपाय सापडला तो अगदी साधा. फळ आधी अर्धं शिजवून घ्यायचं. सफरचंद सोलून बोटाच्या पेराएवढ्या नव्हे, त्याच्या निम्म्या फोडी करायच्या, साधारण एक सेंटिमीटरच्या. छोट्या कढईत चमचाभर पाणी, अर्ध्या लिंबाचा रस आणि फोडी, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. सुरीचं टोक आत जावं पण फोड मोडू नये, इतपत. मग त्या वाटीत, वर भुगा, आणि खालच्या जाळीवर वीस मिनिटं. आता ओव्हनकडे काम फक्त भुगा खरपूस करायचं उरतं. ही युक्ती जमल्यावर बिघडणं जवळजवळ थांबलं.

जवळजवळ म्हणते, कारण सफरचंदाचं प्रकरण बाकी होतं. आपल्या बाजारात जे सर्रास मिळतं ते लालबुंद, बुडाशी पाच उंचवटे असलेलं डेलिशियस. हे वाण मूळ अमेरिकेतलं. शिमल्याजवळच्या कोटगढ भागात स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी ते हिमाचलात आणलं. ते कापून खायला आहे, शिजवायला नाही. सप्टेंबरमध्ये नवा माल येतो तेव्हा ते रसरशीत असतं आणि भाजल्यावरही तग धरतं. मार्च-एप्रिलमध्ये कोल्ड स्टोरेजमधलं आणलं तर दिसायला तेच, पण आतून भुसभुशीत; पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो आणि चव नुसती गोडसर, फिकी. फळवाला “एकदम कडक आहे ताई” म्हणतो. मी आता कानाजवळ धरून टिचकी मारते. टणटणीत आवाज आला तरच घेते. लोक हसतात, हसू देत.

हिरवं ग्रॅनी स्मिथ यासाठी उत्तम. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ १८६८ मध्ये मारिया ॲन स्मिथ नावाच्या बाईंच्या आवारात ते रोप सापडलं, म्हणून हे नाव. आंबट, घट्ट, भाजल्यावर आकार टिकवणारं. फक्त एका फळाची किंमत ऐकून हात मागे येतो. मी महिन्यातून एकदा आणते, एरवी लाल सफरचंदात लिंबू पिळून भागवते.

बाकी फळांचेही प्रयोग झाले. नाशपाती झकास लागते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला इतकं पाणी सुटतं की भुगा पोहायला लागतो. तिला चमचाभर कॉर्नफ्लोर लावावं लागतं आणि ती कढईत मुळीच घालायची नाही. चिकू गरम केला की नुसता चिकट गोळा होतो, त्या वाटेला जाऊ नये. एकदा हापूसची फोड वाटीत टाकताना ह्यांनी पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन शांतपणे ती उचलून खाल्ली. काही बोलले नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

आता भुगा. कृतीत लिहिलं होतं, थंड लोणी पिठात चोळा, ब्रेडच्या चुऱ्यासारखं दिसेपर्यंत. डोंबिवलीत मे महिन्यात थंड लोणी ही कविकल्पना आहे. घरचं लोणी काढलं, तर त्यातल्या ताकाच्या अंशाने पिठाची कणीकच झाली. भाजल्यावर वर बिस्किटासारखं एक झाकण तयार. चमच्याने ठोकलं तर ठक्क वाजलं. पुन्हा केलं, पुन्हा ठक्क.

तिसऱ्यांदा परातीशी बसले आणि हात आपोआप थांबला. हे तर चिरोट्याच्या पिठाला तूप चोळतो तेच चाललंय! ब्रेडचा चुरा मी कधी डोळे भरून पाहिलेला नाही, पण मोहन चोळलेलं पीठ चाळीस वर्षं हाताखालून गेलं आहे. मुठीत दाबलं तर मुटका वळला पाहिजे आणि बोट लावलं तर फुटला पाहिजे. आईने शिकवलेली ती परीक्षा इथे तंतोतंत लागू पडली. लोणी बाजूला ठेवलं आणि फ्रिजमध्ये थिजवलेलं तूप घेतलं. तुपात पाणी नसतं, त्यामुळे भुगा चिकटून बसत नाही, नानकटाई मोडावी तसा रवाळ भाजला जातो.

माझं आताचं माप असं: जाडे ओट्स दोन मोठे चमचे, कणीक एक मोठा चमचा, चिरलेला गूळ दोन छोटे चमचे, थिजलेलं तूप दीड छोटा चमचा, दालचिनीची चिमूट, मिठाचे चार कण. अक्रोड असला तर दोन पाकळ्या चुरून. मीठ विसरू नका, त्याशिवाय सगळं सपाट लागतं. काट्यावर तोलून हिशेब केला तर सफरचंद धरून अख्खी वाटी पावणेतीनशे कॅलरीच्या आसपास जाते. गूळ घातला म्हणून ती हलकी होते असं मात्र समजू नये. गुळात आणि साखरेत कॅलरी जवळपास सारख्याच. हलकेपणा येतो तो तूप मोजून घातल्याने आणि दुसरी वाटी नसल्याने.

वाटीबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे मी तीनशे रुपये घालवले. स्टीलची वाटी कडेने फार तापते म्हणून चिनी मातीची छोटी वाटी आणली, बेकिंगवाले तिला रॅमेकिन म्हणतात. एका संध्याकाळी पाहुणे यायचे होते म्हणून सगळं आधीच भरून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि जेवणं झाल्यावर तशीच गार वाटी तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवली. दोन मिनिटांत आतून टण्ण आवाज. दार उघडलं तर वाटीचे दोन सरळ भाग, मधोमध सफरचंद आणि रस खालच्या कॉइलवर चरचरतोय. दुकानदाराला दोष देता येईना; वाटी ओव्हनचीच होती, फक्त गारठ्यातून एकदम आगीत गेली होती. आता भरलेली वाटी अर्धा तास ओट्यावर राहिल्याशिवाय आत जात नाही.

विजेचाही प्रश्न आहेच. दहा मिनिटं तापवायला, वीस भाजायला, आणि हे सगळं एका वाटीसाठी? ह्यांनी ते बोलून दाखवलं. म्हणून शेजारी काहीतरी ठेवायची सवय लागली. पहिल्यांदा भरतासाठी वांगं ठेवलं. तेव्हा क्रंबलला भरताचा वास आला आणि भरतात दालचिनी शोधावी लागली नाही. तेव्हापासून रताळी ठेवते. ती आधीपासून आत घालते, वाटी नंतर. रताळ्यांना वेळ जास्त लागतो आणि वासाची भांडणं नाहीत. उपासाची सोय होते ती वेगळीच.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही. भुगा लवकर निवतो, खालची फोड नाही. पहिल्याच दिवशी टाळू भाजली होती आणि दोन दिवस ताकभात खाल्ला होता.

परवा मुलीला फोनवर सगळं मापासकट सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं आई, माझ्याकडे ओव्हन कुठेय? एअर फ्रायर आहे.” म्हटलं, मग १६० वर ठेव, बारा मिनिटांनी बघ. पंधराव्या मिनिटाला तिचा फोटो आला. पंख्याच्या वाऱ्याने ओट्स उडून बास्केटभर पसरले होते आणि वाटीत उघडं सफरचंद. मी लिहिलं, भुगा चमच्याच्या पाठीने दाबून बसव आणि पहिली आठ मिनिटं वर फॉइल घट्ट गुंडाळ. तिने विचारलं, “मोहनाचा मुटका वळला पाहिजे म्हणजे नक्की कसा?” शेवटी व्हिडिओ कॉल लावला, परात पुढ्यात घेतली आणि रात्री साडेदहाला तिला मूठ वळून दाखवली.