सूर्य पाठीशी, फ्लॅश खांबापलीकडे

फ्लेक्सवर खेळाडूचा फोटो कसा येतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वर नेत्यांची रांग, खाली ज्याचं अभिनंदन आहे त्याचा पासपोर्ट फोटो, कानाभोवती कापल्याची पांढरी कड, आणि तोंड इतकं उजळ केलेलं की सख्ख्या आईनंही दोनदा बघावं. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेच्या अध्यक्षांचा फोन आला आणि "आमच्या खो-खोच्या पोरींचे फोटो काढायचेत फ्लेक्सला, पण आयपीएलवाल्यांसारखे पाहिजेत," असं ते म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. मी सोलापूरचा. पोट लग्नांवर चालतं. खेळाडूंचे पोर्ट्रेट ही माझी हौस, आणि हौसेचे पैसे देणारा माणूस रोज भेटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, महिला आणि पुरुष दोन्ही विजेतेपदं भारताला मिळाली, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तेव्हापासून गावोगावच्या संस्थाचालकांना आपल्या मैदानावर खांब आहेत याची नव्यानं आठवण झाली. धाराशिवला मात्र त्याची गरज नव्हती. खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच जिल्ह्यात घडलेल्या खेळावर, आणि शाळेतल्या सहावीच्या मुलीलाही ते नाव ठाऊक असतं.

अध्यक्षांनी व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला होता. काळे ढग, उडत्या ठिणग्या, हाताची घडी, कॅमेऱ्यावर रोखलेली नजर. तसले फोटो बहुतेक स्टुडिओत निघतात. ढग आणि ठिणग्या मागून चिकटवतात. माझ्याकडे ढग नव्हते. डिसेंबरचं स्वच्छ आकाश, मैदानाला लागून हिरवीगार ज्वारी, कडेला एक चिंच, आणि बॅटरीवर चालणारे तीन फ्लॅश, एक सहाशे वॅट-सेकंद ताकदीचा मोठा आणि दोन दोनशेचे लहान.

पालकांची लेखी संमती शाळेनं आधीच घेतली होती. एका घरानं फ्लेक्सला नको म्हटलं, ती मुलगी नुसती खेळायला आली. हे मी प्रत्येक ठिकाणी आधी विचारतो. मुलींचे फोटो चौकात लागणार असतात, आणि चौक कसा असतो ते त्यांच्या आईबापांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुपारी साडेतीनला पोचलो. मुली नवीन ट्रॅकसूट घालून, केसांना तेल लावून, रांगेत उभ्या. पहिल्या मुलीला हाताची घडी घालून उभं केलं. नमुन्यासारखंच. तिनं घडी घातली, हनुवटी वर केली, आणि शाळेत बाईंनी शिक्षा केल्यासारखी दिसायला लागली. दुसरीचंही तेच. क्रीडाशिक्षक बाजूला उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "ह्यांना उभं राहायची सवयच नाही हो. ह्या एक तर पाटीवर बसलेल्या असतात, नाहीतर पळत असतात." मग मीच सांगितलं, ट्रॅकसूट काढून खेळाचा ड्रेस घाला आणि अर्धा तास खेळा, मला काही विचारू नका. अध्यक्षांना हे पटलं नाही. फोटो काढायचे सोडून फोटोग्राफर खेळ बघत बसलाय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मला त्या अर्ध्या तासाची फार गरज होती. एक तर घाम. असल्या फोटोंसाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळून खेळाडूच्या अंगावर फवारणारे फोटोग्राफर आहेत. ते थेंब एकसारखे बसतात आणि खोटे दिसतात. खरा घाम कपाळावर, गळ्याच्या खळगीत, वरच्या ओठावर येतो, पाठीवर ड्रेस चिकटवतो, आणि त्यावर मातीही बसते. दुसरं म्हणजे, कोण कशी बसते ते बघायचं होतं. आक्रमण करणाऱ्या संघाच्या आठ जणी पाटीवर बसतात, एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंडं करून. बसलेली मुलगी बसलेली नसतेच. एक पाय मागे रोवलेला, बोटांची टोकं जमिनीवर, मान किंचित वळलेली, कान मागे. खो कधी मिळेल ते तिला पाठीकडून कळतं. ही पोझ मी जन्मात सुचवू शकलो नसतो.

तेव्हा पहिले फोटो बसलेल्या मुलींचे. मी पोटावर आडवा, कॅमेरा तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. मैदान पूर्व-पश्चिम लांब होतं, सूर्य तिच्या मागे, डावीकडे कललेला. इथे काम सरळ असतं. आधी फ्लॅश बंद ठेवून आकाश जमवायचं: शटर, म्हणजे पडदा किती वेळ उघडा राहतो ते, सेकंदाचा १/२००; ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, ८; आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००. आकाश गडद निळं होतं आणि मुलगी जवळजवळ काळी. मग फ्लॅशनं फक्त मुलगी उजळायची. बाहेरच्या फोटोतलं नाट्य म्हणतात ते एवढंच असतं. आकाशाचा उजेड शटर ठरवतं, चेहऱ्याचा उजेड फ्लॅश, आणि दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते आपण. सूर्य फुकटात मागची कड देतो. केस, खांदा, कान सोनेरी होतात.

फ्लॅशचा उजेड मऊ करणारा कापडी सॉफ्टबॉक्स लावला तसा वाऱ्यानं आडवा केला. चार फुटांची छत्री माळावर म्हणजे शीडच. स्टँडला युरियाच्या पोत्यात माती भरून बांधली, तरी हलत होतं. शेवटी सॉफ्टबॉक्स काढून ठेवला आणि उघडा रिफ्लेक्टर, म्हणजे फ्लॅशभोवतीची नुसती चकचकीत वाटी, लावला. उजेड कडक झाला, सावल्यांना धार आली. अध्यक्ष आले, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले, आणि मला अपेक्षित होतं तेच बोलले.

"पोरी लई काळ्या यायलेत. जरा उजेड मारा की तोंडावर."

हे मला प्रत्येक ठिकाणी ऐकावं लागतं. लग्नात नवरीच्या बाबतीत तर हमखास. तिथे मी बहुतेक वेळा गप्प बसतो, कारण नवरीनं स्वतः चार थर लावलेले असतात. पण उन्हात रोज तीन तास खेळणाऱ्या मुलीचा रंग तो तिच्या सरावाचा हिशेब असतो, आणि तो फ्लेक्सवर खोडून टाकायचा हे मला सहन होत नाही. शिवाय हा नुसता तत्त्वाचा प्रश्न नाही, धंद्याचाही आहे. सावळ्या कातडीवर समोरून भसाभस उजेड टाकला की ती राखाडी दिसते. नाक, गालाचं हाड, जबडा, सगळं सपाट होतं. त्याऐवजी उजेड बाजूनं, तिरका आणला की कातडी चमकते. घामाचा थेंब, गालाचं हाड, दंडाचा स्नायू यांवर छोट्या छोट्या चमका उठतात आणि चेहऱ्याला घडण येते. गोऱ्या चेहऱ्याला आकार सावलीनं मिळतो, सावळ्याला चमकेनं. म्हणजे उजेड वाढवायचा नसतो, त्याची बाजू बदलायची असते.

हे सगळं अध्यक्षांना सांगत बसलो नाही. "साहेब, मोठा करून बघितल्यावर बोलू," एवढंच म्हणालो.

आता खरा फोटो. मला कर्णधार मुलगी खांबावर वळताना पाहिजे होती. पळत येऊन खांबाला हात घालते, अंग बाहेर फेकलं जातं, पाय जमिनीला चिकटलेले, आणि डोळे वळणाच्या पलीकडे पळणाऱ्या गड्यावर. खांब असतो १२० सेंटिमीटरच्या आसपास, तिच्या छातीएवढा. सगळ्या वेगाचा भार त्या एका हातावर.

मी पूर्वेच्या खांबाजवळ बसलो, तोंड पश्चिमेला. सूर्य समोर डावीकडे, म्हणून मुख्य फ्लॅश उजवीकडे. सूर्य मागून एका बाजूला आणि फ्लॅश पुढून दुसऱ्या बाजूला, अशी ही नेहमीची मांडणी. कर्णधार शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "दादा, तुमचा लाईट चुकीच्या बाजूला हाय."

माझा मदतनीस हसला. मी विचारलं, कसा काय?

तिनं करून दाखवलं. "मी उजव्या हातानं खांब धरते. मान आधी आत जाते, मग अंग. त्या टायमाला माझं तोंड हिकडं असतंय," म्हणत तिनं माझ्या डावीकडे, खांबाच्या पलीकडे बोट केलं. "तुमच्या लाईटला माझा कानच दिसंल."

शंभर टक्के बरोबर. उभ्या माणसाच्या हिशेबानं केलेली मांडणी वळणाऱ्या माणसाला लागू होत नाही. आणि कुठल्या क्षणी तोंड कुठे असेल हे तिच्याइतकं नेमकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं, कारण हे वळण ती रोज घेते.

फ्लॅश उचलून डावीकडे, खांबापलीकडे नेला. आता सूर्य आणि फ्लॅश एकाच अंगाला आले आणि तिची दुसरी बाजू काळोखात गेली. तिथे दोनशेचा एक फ्लॅश मागून, उजवीकडून लावला, नुसती खांद्याची आणि दंडाची कड यायला. पहिल्या चाचणीत खांबाची सावली बरोबर तिच्या ड्रेसवरच्या नंबरवर पट्ट्यासारखी पडली. स्टँड अडीच मीटरपर्यंत चढवला, तेव्हा सावली कमरेखाली उतरली.

राहिला वेग. १/२०० ला पळणारं अंग आकाशासमोर थरथरतं. फ्लॅशचा लखलखाट चेहरा गोठवतो खरा, पण शटर उघडं असेपर्यंत मागचं आकाश अंगाच्या कडा खात राहतं आणि हाताभोवती धुरकट रेघ उमटते. म्हणून शटर १/१६००, ॲपर्चर ४. एवढ्या वेगाला शटरचे दोन पडदे पूर्ण उघडतच नाहीत, एक फट सरकत जाते. साधा फ्लॅश मारला तर फोटोचा एकच पट्टा उजळतो. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश ती फट सरकून जाईपर्यंत बारीक बारीक स्पंदनं देत राहतो, आणि त्यात त्याचा बराच जोर जातो. तो भरून काढायचा म्हणजे फ्लॅश जवळ आणायचा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट. फ्लॅश फ्रेमच्या अगदी कडेशी आला, आठवीतला एक पोरगा स्टँडचा पाय धरून मातीत बसला, आणि त्याला एकच सूचना होती, ताई अंगावर आली तरी सोडायचं नाही.

ती पळाली. पहिल्या फेरीत माझं टायमिंग हुकलं, दुसऱ्या फेरीत तिनं कॅमेऱ्याकडे बघितलं. सर ओरडले, "फोटूकडं नको, गड्याकडं बघ!" आणि चपळातल्या चपळ मुलीला त्यांनी माझ्या डावीकडून खरंच पळवलं. मग काही सांगावं लागलं नाही. कर्णधार खरोखर तिला पकडायला धावत होती. तोंड उघडं, वेणी आडवी, हाताच्या शिरा ताणलेल्या, टाचेखालून उडालेली माती. त्या मातीनं कमाल केली. धूळ पुढून उजळली तर फोटो गढूळ होतो, मागून उजळली की पेटते. सूर्य आणि मागचा फ्लॅश दोन्ही त्या धुळीतून आले. ठिणग्या चिकटवायची गरजच उरली नाही.

पावणेसहानंतर सूर्य ज्वारीत गेला. उरलेल्या मुलींसाठी सूर्याच्या जागी मागे दुसरा फ्लॅश लावला, त्यावर केशरी जिलेटीन. आकाश जांभळं, कड केशरी. हे दिसायला छान आणि करायला सोपं, म्हणून मला त्याचं फारसं कौतुक नाही. पण अध्यक्षांना तेच सगळ्यात आवडले.

उजळपणाचा विषय अंधार पडल्यावर पुन्हा निघाला. मी लॅपटॉपवर फोटो मोठे करून दाखवत होतो. मुलींना न्यायला आलेल्या बायका मागे उभ्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "ऑपरेटरला सांगून थोडं गोरं करून घेऊ." कुणी काही बोललं नाही. मग कर्णधाराची आई, अजून शेतातल्याच कपड्यात, पुढे झाली आणि पडद्याजवळ वाकून म्हणाली, "कशाला? खेळताना ती अशीच दिसती. मी बघितलंय की." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. माझ्या चमका आणि सावल्यांच्या व्याख्यानानं जे झालं नसतं ते तिथे झालं.

तरी सावध राहिलो. फ्लेक्सच्या दुकानात मी स्वतः गेलो. तिथल्या पोराकडे एक बटण तयारच होतं, दाबलं की सगळे चेहरे एकदम दुधाळ. त्याचंही चुकलं नाही म्हणा, गिऱ्हाईक तेच मागतं. त्याला बाजूला बसवून आधी हातभर पट्टी छापून घेतली, कारण फ्लेक्सवर काळा रंग साचतो आणि सावल्यांमधलं सगळं गिळतो. सावल्या थोड्या उघडल्या, चमकांना हात लावला नाही, आणि दहा बाय आठचा फ्लेक्स निघाला. मधोमध खांबावर वळणारी कर्णधार, दोन्ही बाजूंना पाटीवर बसलेल्या मुली. वर मान्यवरांची रांग होतीच, आणि त्या रांगेत अध्यक्षांचा जुना, गुलाबीसर उजळ फोटो.

फ्लेक्स लागल्यावर त्यांचाच फोन आला. पैसे पाठवल्याचं सांगितलं, लोक विचारायलेत कुणी काढले म्हणून, असंही सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, "आमचाबी एक तसला मारा की. मागून लाईट टाकून."

म्हटलं, "मारू की साहेब. फक्त आधी मैदानाला दहा फेऱ्या मारून यावं लागेल."