अवार स्वार, ९० मिमी: मांडीवरचा पदर एकदाचा बसला

बसला बुवा! मी ९० मिमी मापाचं अवार स्वाराचं मॉडेल घडवतोय (अवार म्हणजे सहाव्या शतकात युरोपात आलेले भटके घोडेस्वार). त्याच्या डाव्या मांडीवरचा चिलखताचा पदर काल रात्री चिकटवला, सकाळी पाहिलं तर जागचा हललेला नाही. उजवी मांडी अजून उघडीच आहे, पण आता तिची धास्ती नाही.

घोडा, खोगीर आणि धड मागच्या वेळी दाखवलं होतं, त्यात फार फरक नाही. चिलखत लॅमेलर, म्हणजे दोऱ्याने ओवलेल्या छोट्या धातूच्या पत्र्यांच्या ओळींचं; ते मी मळून आकार द्यायच्या, सुकून कडक होणाऱ्या पुट्टीत करतोय. कंबरेपर्यंत पुट्टीने छान साथ दिली. मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, स्टायरीन प्लास्टिकचा, एकेक पत्री तीन मिलिमीटर उंच नि एक रुंद. त्यावरून सिलिकॉनचा साचा. पुट्टी दाबायची, अर्धवट सुकली की ओळच्या ओळ सोलून छातीभोवती गुंडाळायची. काम वरून खाली करायचं, कारण लॅमेलरमध्ये खालच्या ओळीचा वरचा काठ बाहेरून येतो, खवल्यांच्या चिलखताच्या बरोबर उलट. शिवाय मागे कापड नाही, पत्र्या एकमेकींनाच ओवलेल्या.

घोडं अडलं ते मांडीवर. ओळ गुडघ्याकडे वळवली की पत्र्या पंख्यासारख्या फाकायच्या. फटी भरायला जावं तर ओवणीची भोकं बुजणार. पुट्टी ओली असताना वळवली तर बोटांचे ठसे, जरा जास्त सुकू दिली तर मधोमध तडा. परदेशी पुट्टी यात बरी, पण कस्टम ड्यूटी भरून ती घरी येईपर्यंत भाव असा होतो की तिचा चुरासुद्धा टाकवत नाही. हार्डवेअरच्या दुकानातली पाइप गळतीवरची पुट्टी स्वस्त, मात्र फार लवकर दगड होते. सध्या दोन्ही निम्मी-निम्मी मळतोय आणि नुसत्या परदेशीपेक्षा हे मिश्रणच मला आवडायला लागलंय. कड धारदार येते.

पण अडचण पुट्टीची नव्हतीच. कोड्याचं उत्तर मिळालं जुन्या एक्स-रे फिल्मांतून. त्यांच्या खऱ्या मापाच्या पत्र्या कापल्या, पंचने भोकं पाडली, मोच्याकडचा मेण लावलेला दोरा ओवला आणि वीतभर रुंदीचा पदर तयार केला. तो कमरेला बांधून मोटारसायकलवर टांग टाकून बसलो. (घरच्यांनी खिडकीतून पाहिलं आणि काही विचारलं नाही. सवय झालीय.) खाली पाहतो तर ओळी वर-खाली मजेत सरकतात, एकीवर एक गोळा होतात. आडव्या अंगाने मात्र ओळ बरीच ताठ. म्हणजे हा पदर मांडीला लपेटून बसतच नाही, वर पडून राहतो. बाहेरची कड गुडघ्यापासून चक्क सुटते आणि खाली बोटभर पोकळी राहते. मी मॉडेलवर जे जबरदस्तीने करू पाहत होतो, ते खऱ्या चिलखतालाही जमत नाही!

मग पदर काचेवर वेगळा बनवला, मार्करच्या दांड्यावर किंचित बाक देऊन पुरता सुकू दिला आणि पिन वाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) भोक पाडून तारेवर टांगला. खालच्या पोकळीत आपोआप सावली पडते, ती रंगवावी लागत नाही. खाचांत उतरणारा पातळ काळा रंग (वॉश), वरून जवळजवळ कोरड्या ब्रशने स्टीलच्या रंगाचा हलका हात (ड्रायब्रश), आणि प्रत्येक पत्रीची कड वेगळी उठली. अर्धा तास नुसता दिव्याखाली फिरवून बघत होतो.

रिकिबी तांब्याच्या तारेच्या केल्यात. सुरुवातीच्या अवार थडग्यांत सापडतात तशा, गोलसर आणि वर लांब कानाच्या. या छोट्या वस्तूवर वेळ घालवायला हवाच होता, कारण युरोपात लोखंडी रिकिबी आल्या त्या अवारांबरोबर. इ.स. ६०० च्या सुमाराच्या ‘स्ट्रॅटेजिकॉन’ या बायझंटाइन युद्धग्रंथात खोगिराला दोन लोखंडी रिकिबी हव्यात असं सांगितलंय. त्याच ग्रंथात भाल्याला अवारांसारखा पट्टा हवा, अंगरखे अवारांसारखे ऐसपैस हवेत, असंही आहे. शत्रूची इतकी मन लावून नक्कल!

ग्रिफिनवाला (गरुडाचं तोंड नि सिंहाचं अंग असलेल्या काल्पनिक प्राण्याचा) कमरपट्टा घाला, असा आग्रह झाला होता. नाही घालणार. ते ओतीव ब्राँझचे ग्रिफिन अवार काळाच्या शेवटच्या टप्प्यातले, आठव्या शतकाच्या आसपासचे. माझा स्वार बायान खगानाच्या, म्हणजे सहाव्या शतकातल्या अवार राजाच्या, पिढीतला आहे. ग्रिफिनसाठी दुसरा स्वार करू, चिलखत नसलेला.

घोड्याच्या अंगावरही पत्र्या लावायचा बेत होता, तो आता रद्द. ‘स्ट्रॅटेजिकॉन’मध्ये बड्या लोकांच्या घोड्यांना फक्त पुढून लोखंडाचं किंवा नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) आवरण सांगितलंय. मी नमदा निवडतोय. टिश्यू पेपर, पातळ फेव्हिकॉल, वर मॅट रंग.

आणि बेसचं, म्हणजे स्वार ज्यावर उभा राहील त्या देखाव्याचं, हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं. ६२६ मध्ये अवारांनी वेढलेल्या बायझंटाइन राजधानीची, कॉन्स्टँटिनोपलची, तटबंदी करणार होतो. पण तटापुढे हा जड स्वार करणार काय? तिथे कामाला आली ती वेढ्याची यंत्रं, मनोरे आणि स्लाव्हांच्या डोंग्या. त्यापेक्षा सिर्मियम हे बायझंटाइन शहर बरं, म्हणजे आजच्या सर्बियातलं स्रेम्स्का मित्रोव्हित्सा. बायानने सावा नदीवर पूल बांधून शहराची रसद तोडली आणि ५८२ मध्ये ते घेतलं. तिथे एक वीट सापडलीय. वेढ्यातल्या कुणीतरी तिच्यावर ग्रीकमध्ये प्रार्थना कोरली आहे: देवा, शहराला तार, अवारांना रोख, रोमनांचा (बायझंटाइन स्वतःला रोमनच म्हणत) देश राख आणि हे लिहिणाऱ्यालाही. स्वतःला विसरला नाही पठ्ठ्या!

तर आता तट नाही. सावाकाठचा चिखल, घोड्याच्या टापेशी एक फुटकी वीट, तिच्यावर सुईने ओढलेल्या चार ओळी. या मापात अक्षरं वाचता येणार नाहीत, तरी ती असणार.

त्याआधी उजवी मांडी आणि वेण्या. ५५८ मध्ये अवारांचे वकील कॉन्स्टँटिनोपलला आले, तेव्हा फिती बांधलेल्या त्यांच्या लांब वेण्या बघायला लोक रस्त्यावर धावले होते. शिरस्त्राणाखालून त्या पाठीवर आल्याच पाहिजेत. जुन्या मोटारीच्या वाइंडिंगची बारीक तार तीनपदरी गुंफून पाहतोय, पण पीळ सुटतो. ती आधी तापवून मऊ करावी की सरळ शिवणाचा दोरा घ्यावा? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.