आखाजी: खान्देशातलं शेतकऱ्याचं नवं वर्ष

एप्रिलअखेरच्या रणरणत्या उन्हात अमळनेरला गाडीतून उतरले आणि काळीपिवळीने बोरी नदीकाठचं मैत्रिणीचं गाव गाठलं. दारातच तिच्या आजीने अहिराणीत विचारलं, "कवय उनी वं?" म्हणजे, कधी आलीस गं?

दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पाडव्याला पंचांग बदलतं, पण इथल्या शेतीचं वर्ष बदलतं ते आखाजीला. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल याच दिवशी भरतं. सकाळी ओट्यावर हिशेब चालला होता. आधी वर्षभराची उचल वजा झाली, मग नव्या सालाची रक्कम आणि धान्य यांवर बोलणं सुरू झालं. सालदार वाढवून मागत होता. महागाई पाहता त्याचं मागणं रास्तच होतं, आणि अखेर मालकालाही ते मान्य करावं लागलं. इंग्लंडात १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. पुढे १ जानेवारी आली, तरी शेतजमिनीचे करार वसंतातल्या त्याच मुदतीला धरून राहिले. शेताला कॅलेंडरपेक्षा हंगाम जवळचा!

घरात आजीने लाल घागर भरून ठेवली होती. वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. मग ती उंबरठ्याशी बसली. गेलेल्या एकेकाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट टेकवत गेली. नावं संपल्यावर आणखी एक बोट टेकवलं. ते कोणाचं, असं विचारलं तर म्हणाली, ज्यांची नावं आता कोणालाच ठाऊक नाहीत त्यांचं. त्यानंतर चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, पडली आणि मगच पानं वाढली: खापरावरचे मांडे, आमरस, आमटीसारखी रशी, कुरडया. हातावर फिरवत मोठा केलेला मांडा न फाटता पालथ्या खापरावर पडतो, ते मी डोळे फाडून पाहत होते.

गौराईजवळ टोपलीत गव्हाचे पोपटी अंकुर उगवले होते. इराणातही नौरोजला, वसंतसंपाताच्या सुमारास, घरोघरी असेच गहू नाहीतर मसूर उगवून ठेवतात आणि तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. बोरी कोरडी, म्हणून इथल्या पोरी गौराई घेऊन विहिरीवर गेल्या.

संध्याकाळी निंबाच्या झोक्यांवर माहेरवाशिणींची गर्दी, तर पारावर पत्त्यांचे डाव. तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशीच पोचा. आखाजीला दुपारी रस्त्यावर गाडी मिळणं कठीण, आणि मांडे गरम असतानाच खावेत.